पाहुण्यांनी सारेची चौकशी केली



आजच्या मिस्साची दोन वाचने स्वयंपाकघरातली आहेत. पहिल्या वाचनात, उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात, अब्राहाम भर दुपारच्या उन्हात तंबूच्या दाराशी बसला आहे आणि तीन अनोळखी वाटसरू समोर येऊन उभे राहतात. शुभवर्तमानात, संत लूकच्या दहाव्या अध्यायात, प्रभू येशू मार्थेच्या घरी उतरला आहे. दोन्ही घरी पाहुणे आहेत, दोन्ही घरी चूल पेटली आहे, आणि दोन्ही घरी एक बाई आत राबते आहे.

मार्था आणि मरिया यांच्यावरचे प्रवचन आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकले आहे. मरिया प्रभूच्या चरणांशी बसली, तिने उत्तम वाटा निवडला. मार्था भांडी वाजवत राहिली, तिला समज मिळाली. प्रवचन संपते, मिस्सा संपते, आणि ते ऐकून घरी गेलेल्या आपल्या माउल्या पदर खोचून कुकर लावतात. एका आजींनी मला एकदा चर्चच्या पायरीवर थांबवून विचारले होते, "फादर, मरियेने उत्तम वाटा निवडला हे खरे, पण त्या दिवशी जेवायला काय होते?" मी हसलो, पण प्रश्न थट्टेचा नव्हता. प्रभू त्या घरी पाहुणा म्हणून आला होता. कोणीतरी पीठ मळल्याशिवाय त्याच्यापुढे भाकर आली नसती. म्हणून आज मार्थेकडे वळण्याआधी आपण अब्राहामाच्या तंबूत जाऊ, आणि तिथून आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात.

अब्राहाम वाटसरूंना काय म्हणतो पाहा. थोडे पाणी आणतो, पाय धुवा, झाडाखाली जरा टेका, भाकरीचा तुकडा खा आणि मग पुढे जा. बोलण्यात एवढेच. आपल्याकडे नाही का, "घोटभर चहा तरी घ्या" म्हणून पाहुण्याला बसवतात, मग आतून कांदेपोहे येतात, आणि बघता बघता "आता जेवूनच जा" होते! तसलाच हा प्रकार. कारण तंबूत शिरल्यावर तो सारेला सांगतो की तीन मापे सपीठ घे, मळ आणि भाकरी कर. ही तीन मापे म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण वीस किलो पीठ. पाहुणे किती? तीन! शिवाय कळपातले कोवळे वासरू, दही आणि दूध वेगळेच. पुढे स्वर्गराज्याचा दाखला देताना प्रभू येशूने एक बाई उभी केली. तिने खमीर घेतले आणि पिठात कालवून ठेवले. ते पीठही मोजून तीन मापे होते. शंभरावर माणसांना पुरेल इतके पीठ एका बाईच्या परातीत. एरवी राजाच्या मेजवानीचे दाखले देणाऱ्या प्रभूला इथे घरची परातच हवीशी वाटली.

आपल्या पराती काही कमी नाहीत. आपले धर्मग्राम एका गावचे नाही. कोणी नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडून पोटापाण्यासाठी पुण्याला आले, कोणी जालन्याहून, कोणी गोव्याहून, कोणी वसईहून. त्यामुळे नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आपल्या इमारतींच्या जिन्यात चार मुलखांचे वास येतात. एका दारामागे करंज्या तळल्या जात असतात, दुसऱ्या दारामागे दोदोल हलवून हलवून कोणाचा तरी खांदा भरून आलेला असतो, तिसरीकडे फुगिया. आणि कुलकुल तर सगळ्यांकडेच. कुलकुल हे एकट्याने करण्याचे कामच नाही. पिठाची इवलीशी गोळी काट्याच्या चमच्यावर दाबून वळायची, आणि अशा शेकडो. म्हणून टेबलाभोवती आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात. नातवाचे कुलकुल वेडेवाकडे होतात, तेही तेलात सोडतात, आणि खाताना ते कोणाचे हे बरोबर ओळखू येते.

केक भाजायला घरात भट्टी असावी लागते असे आजच्या मुलांना वाटते. भट्टी नव्हती तेव्हाही केक होतच होते. कोळशाची शेगडी, तिच्यावर जाड बुडाचे पातेले, पातेल्यात वाळू, वाळूवर केकचा डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालचा विस्तव आणि वरचा विस्तव सारखा राखणे हीच त्यातली विद्या. पुढे कुकर आला. त्याची शिटी आणि रबर काढून ठेवून त्यात केक होऊ लागला. मग विजेवरचा तो अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, ज्याच्या झाकणाला छोटी काच असे आणि त्या काचेला घरातल्या सगळ्या मुलांचे डोळे लागलेले असत. आच मोजायला काही साधन नव्हते. स्वेटर विणायची सुई खुपसायची, ती कोरडी निघाली की केक झाला.

ज्यांनी हाताने केक फेटला आहे त्यांना त्यातले सुख आणि दुखणे दोन्ही ठाऊक आहे. लोणी आणि साखर फेटत राहायचे, साखरेचा कण बोटांना लागेनासा होईपर्यंत. रंग पिवळ्याचा पांढुरका होत जातो. अंडी एकेक करून घालायची, घाई केली की मिश्रण फाटते. हे सगळे फेटणे कशासाठी? तर लोण्यात बारीक बारीक हवा कोंडली जावी म्हणून. तीच हवा आचेवर फुगते आणि केकला वर उचलते. खमिराचा पाव आणखी हळू. त्यात जिवंत यीस्ट असते, ते आपल्या वेळेने काम करते, पावसाळ्यात एका वेगाने, डिसेंबरच्या थंडीत दुसऱ्या. तुम्ही ओले फडके झाकून बाजूला व्हायचे, आणि तुमच्या नकळत पीठ दुप्पट होते. प्रभूने ते बघितले असणार. नाझरेथच्या घरात पवित्र मरियेच्या हातच्या पिठाची परात त्याने लहानपणापासून पाहिली होती.

आणि ज्यांच्याकडे काहीच साधन नव्हते ती घरे? ती मिश्रण कालवून डबे बेकरीत नेत. पहाटेचे पाव काढून झाले की भट्टीचा ताव उतरतो, आणि केकला तीच उतरती आच मानवते. आपला डबा ओळखू यावा म्हणून त्याला दोरा बांधायचा किंवा चिठ्ठी लावायची. दिवाळीच्या आधी हिंदू शेजारणी तूप, साखर, मैदा घेऊन त्याच भट्टीवर नानकटाई करून आणत. भट्टीवाला पुष्कळदा इराणी किंवा मुसलमान. आपल्या कॅम्पातली कयानी बेकरी, जिच्या श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक रांगा लावतात, तीही १९५५ साली एका इराणी कुटुंबानेच सुरू केली. पाव हा शब्द तर पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि आता वडापावातून तो काढायचा म्हटला तर महाराष्ट्रात दंगल होईल! इतक्या लोकांचे हात लागल्याशिवाय आपल्या ताटात साधा पावाचा तुकडा पडत नाही.

कॉफीबद्दल थोडे लिहितो, कारण तिचा मीही भक्त आहे. मराठी घरातली कॉफी म्हणजे दुधाची, साखर सढळ हाताने, आणि वरून जायफळ किसलेले. रोजचा तो चहा. कॉफी पाहुणा खास असला की. इन्स्टंट कॉफीची पूड आणि साखर चमचाभर पाण्यात घोटून घोटून फेस काढणारी तरुण मंडळीही आपल्यात आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघरी तोच उद्योग चालला होता. रास्ता पेठेत दाक्षिणात्य कुटुंबांची जुनी वस्ती आहे, तिकडे फिल्टरची कॉफी. वरच्या भांड्यात पूड हलकेच दाबायची, कडकडीत पाणी ओतायचे, झाकण ठेवायचे आणि विसरून जायचे. खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने अर्क उतरतो. ढवळून किंवा हलवून तो लवकर येत नाही.

या कॉफीची कथाही मोठी गमतीची आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत मक्केची यात्रा करून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरच्या डोंगरात पेरल्या, असे परंपरा सांगते. त्या डोंगरांना आजही त्यांचेच नाव आहे. तिकडे युरोपात काही ख्रिस्ती मंडळींनी ‘हे तर मुसलमानांचे पेय’ म्हणून नाके मुरडली, तेव्हा पोप क्लेमेंट आठवे यांनी स्वतः घोट घेऊन तिला पसंती दिली, अशी आख्यायिका आहे. तिला आख्यायिकेहून जास्त वजन देऊ नका. पण कोणाच्या हातचे प्यावे आणि कोणाच्या हातचे पिऊ नये, हा वाद किती जुना आहे ते त्यावरून दिसते. त्या वादाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आपल्यातील ऐंशी ओलांडलेल्यांना आठवत असेल की, ख्रिस्तशरीर स्वीकारायचे तर पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पाण्याची मुभा मिळाली, १९५७ साली तीन तासांचा नियम आला आणि १९६४ पासून तो एका तासाचा झाला. आजही तो तेवढाच आहे, हे मिस्साला येता येता कोपऱ्यावर कॉफी संपवणाऱ्यांनी कृपया ध्यानात घ्यावे. पण त्या जुन्या दिवसांत मिस्साहून घरी परतल्यावर जो पहिला घोट मिळे, त्याची चव म्हातारी माणसे अजून सांगतात. उपवासाने जिभेला गोडी आणली होती.

हे सारे या पानावर कशासाठी, असे काहींना वाटेल. आपल्यात एक समजूत मुरली आहे की खाण्यापिण्याचा आनंद हा जरा खालच्या प्रतीचा. जप, माळ, नोवेना हे देवाचे, आणि चूल ही पोटाची. पवित्र ग्रंथ तसे मानत नाही. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचे घर. एलिया संदेष्ट्याची गोष्ट घ्या. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली पडला आहे. जीव नकोसा झाला आहे, मरण मागतो आहे. देवाने त्याला त्या वेळी उपदेश केला नाही. दूत आला, त्याने तापल्या दगडावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातले. डोंगरावरचे दर्शन, तो मंद सूर, ते सगळे चाळीस दिवसांनी. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, नातलग पिठले-भात घेऊन येतात आणि जबरदस्तीने चार घास खायला लावतात. ते पिठले घेऊन येणारी बाई त्या दूताचेच काम करत असते. तिने काही सांत्वनाचे शब्द बोलले पाहिजेत असेही नाही.

आविलाच्या संत तेरेजा आपल्या सिस्टरांना बजावत असत की आज्ञेने स्वयंपाकघरात जावे लागले तर खंत करू नका, प्रभू तिथे भांड्याकुंड्यांतही वावरतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स आचारी होते. वेदीपुढे गुडघे टेकताना देव जितका जवळ वाटतो तितकाच तो रांधताना वाटतो, असा त्यांचा अनुभव त्यांच्या मागे लोकांनी लिहून ठेवला. स्वयंपाकघर मनापासून आवडणारी माणसे आपल्या धर्मग्रामातही पुष्कळ आहेत. काहींनी तर टाळेबंदीत पगार थांबले तेव्हा घरच्या ओव्हनवर केक करून विकले आणि मुलांची फी भरली. त्यांनी आपले हे सुख कबुलीजबाबात सांगण्याची काही गरज नाही.

आता पुन्हा अब्राहामाच्या झाडाखाली. पाहुणे जेवले. अब्राहाम त्यांच्याजवळ उभा राहून वाढतो आहे. घरधन्याने उभे राहून वाढावे हे पाहण्यासारखे आहे. आणि जेवण झाल्यावर पाहुणे पहिली गोष्ट काय विचारतात? ते वासराच्या मांसाची तारीफ करीत नाहीत. ते सारेची चौकशी करतात. ती कोठे आहे, असे विचारतात. अब्राहाम सांगतो, ती काय आत तंबूत. मी हा भाग अनेक वर्षे वाचत आलो आहे, आणि मला वाटते सगळी कथा या प्रश्नाभोवती फिरते. वीस किलो पीठ मळणारी बाई पडद्याआड आहे, आणि देवाकडून आलेले पाहुणे तिच्याशिवाय बोलणे पुढे नेत नाहीत. वचन आहे ते तिच्याबद्दल आहे. पुढच्या वर्षी या वेळी तिच्या मांडीवर मूल असेल. ती दाराआडून ऐकते आणि हसते.

आपल्या घरी बाप्तिस्मा असतो, पहिला ख्रिस्तप्रसाद असतो, लग्नाचे रोस असतात. ताटे भरभरून जातात. फोटो निघतात. त्या फोटोंत सारा असते का? बहुतेक वेळा ती ओट्यापाशी असते, शेवटची पंगत उठल्यावर पातेल्याला लागलेला रस्सा पोळीने पुसून खात. आणि केक मऊ झाला होता की कोरडा, एवढेच तिच्या कानावर येते. आपण याला तिचा त्याग म्हणतो, आईच्या मायेवर भाषणे करतो, मातृदिनाला गुलाबाचे फूल देतो. मला या कौतुकाचा आताशा संशय येऊ लागला आहे. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या गोष्टीला तो शब्द लावणे बरोबर नाही.

मार्थेची तक्रार या उजेडात वाचून पाहा. तिला स्वयंपाकाचा कंटाळा आला असे लूक म्हणत नाही. ती फार कामांनी ओढली गेली आहे आणि आपल्याला एकटीला टाकले आहे, हे तिचे दुखणे आहे. एकटीला! प्रभू तिचे नाव दोनदा घेतो. ज्याला असे दोनदा हाक मारतात त्याच्यावर रागावलेले नसतात. मरियेचा वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असे तो सांगतो. मार्थेला तो वाटा मिळणार नाही, असे तो कोठेच सांगत नाही. माझ्या मते तो तिला हेच सुचवत होता की एवढे पदार्थ नकोत, थोडके पुरे, तूही ये आणि बस. संत योहानच्या बाराव्या अध्यायात बेथानीच्या घरी पुन्हा जेवण आहे, मार्था पुन्हा वाढते आहे, आणि या वेळी तक्रारीचा एक शब्द नाही. मधल्या काळात तिने प्रभूला आपल्या भावाच्या कबरीपाशी रडताना पाहिले होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर लिहिलेल्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ या प्रबोधनपत्रात एका चित्रपटाची आठवण काढली आहे. ‘बाबेत्स फीस्ट’ हा तो १९८७ सालचा डॅनिश चित्रपट. परदेशातून आसऱ्याला आलेली एक स्वयंपाकीण लॉटरीत मिळालेला सगळा पैसा एका जेवणावर खर्च करते, आणि ज्यांना जेवू घालते ती माणसे अशी की चवीबद्दल अवाक्षर काढायचे नाही असे ठरवूनच बसलेली! पोप ज्या प्रसंगाकडे बोट दाखवतात तो जेवणाचा नाही. जेवण संपल्यावर कोणीतरी स्वयंपाकघरात जाते, त्या बाईला कृतज्ञतेने मिठी मारते आणि तिच्या कलेची तारीफ करते. तो प्रसंग. कोणीतरी आत गेले.

पुरुषांनी इथे पान उलटू नये. पुनरुत्थित प्रभूने गालील सरोवराच्या काठी काय केले? रात्रभर जाळी ओढून सातही शिष्य रिकाम्या हाताने परतत होते. काठावर निखारे फुललेले, त्यावर मासे, बाजूला भाकर, आणि न्याहारीला या असे आमंत्रण. मरणावर विजय मिळवलेल्या हातांनी सकाळी उठून विस्तव पेटवला होता. संत योहानने निखाऱ्यांसाठी वापरलेला ग्रीक शब्द त्याच्या शुभवर्तमानात दोनदाच येतो: एकदा इथे, आणि एकदा मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा होता आणि त्याने प्रभूला नाकारले. पेत्राला त्या धुराच्या वासाने काय काय आठवले असेल! प्रभूने त्याला आधी खाऊ घातले. ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ हा प्रश्न न्याहारी झाल्यानंतरचा आहे. उपाशी माणसाला तो विचारला नाही. तेव्हा आपल्या घरच्या कर्त्या पुरुषाने एखाद्या सकाळी कॉफी करून पत्नीच्या हातात दिली, तर त्याने प्रभूच्याच मागे एक पाऊल टाकले असे समजावे. मागाहून ओटाही पुसावा.

मघाशी म्हटलेल्या वादाकडे आता येतो. कोणाच्या हातचे प्यायचे, हा प्रश्न आपल्या याच शहरात एका चहाच्या पेल्याने किती पेटला होता! १८९० साली गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे अँग्लिकन मंडळींच्या त्या उंच घंटाघराच्या आवारात, व्याख्यानाला म्हणून पुण्यातील नामवंत मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली आणि शहर ढवळून निघाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, घराघरांत फळ्या पडल्या, लोकांनी प्रायश्चित्ते घेतली. रानड्यांनीही १८९२ साली घेतले. एका पेल्यापायी एवढे!

हे वाचून आपण मान उंचावून हसू नये. आपापल्या घरी गेल्यावर भांड्यांच्या मांडणीकडे बघावे. धुणेभांडी करायला येणाऱ्या मावशींचा कप कोणता आहे? पुष्कळ घरांत तो वेगळा असतो. कडा उडालेला, कान तुटलेला, खिडकीच्या कठड्यावर किंवा बेसिनखाली पालथा घातलेला. त्या मावशी आपला केकचा डबा घासतात, आपल्या ओव्हनची जाळी घासतात, ज्या कपातून आपण आणि आपले पाहुणे कॉफी पितो ते सगळे कप त्याच धुतात. आणि पिताना मात्र त्यांचा तो वेगळा. स्वच्छतेचे कारण देणाऱ्यांनी एवढे सांगावे की धुणारे हात जर स्वच्छ आहेत, तर ओठांनी काय पाप केले आहे. दर रविवारी आपण एका पंगतीला येतो, जिथे कोट्यधीशालाही तेच ख्रिस्तशरीर मिळते आणि झाडूवाल्यालाही. त्यानंतर तासाभरात घरी जाऊन आपण कप वेगळे ठेवतो. १८९० सालच्या मंडळींना निदान जातीने तसे शिकवले होते. आपल्याला कोणी शिकवले?

गोडधोडाच्या आनंदाचे काय करायचे, ते जुन्या करारात नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आले आहे. बंदिवासातून परतलेले लोक नियमशास्त्राचे वाचन ऐकून रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की आज रडू नका, चमचमीत खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही शिजलेले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. आनंद करण्याची आज्ञा आणि वाटे पाठवण्याची आज्ञा एकाच दमात. आपल्या वाड्यांतून हे शिकवावे लागत नव्हते. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचे ताट येई, नाताळात आपल्याकडून जाई, आणि ताट रिकामे परत करायचे नाही म्हणून त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालत. आज आपण सोसायट्यांत राहायला गेलो. शेजारच्या दारावरची पाटी वाचता येते, दार उघडणाऱ्याचा चेहरा आठवत नाही. केकचा फोटो दोनशे लोकांना जातो आणि वास शेजारच्या घरात जातो, जिथे एक म्हातारे जोडपे राहते, मुले कॅनडात आणि दुबईत. घरभेटींना मी जातो तेव्हा त्यांच्याकडे बिस्किटांचा डबा माझ्यासाठी नव्याने फोडलेला असतो. दोघांसाठी केक कोण करणार, असे त्या घरच्या बाई म्हणतात. ओव्हन आहे, साचे आहेत. झाकून ठेवले आहेत. त्यांना आपल्या केकचा तुकडा नेऊन द्या, ते चांगलेच. पण त्याहून चांगले म्हणजे त्यांच्या घरी जाऊन ‘आजी, तुमचा तो रव्याचा केक मला शिकवा’ असे म्हणणे. पीठ आपले न्यावे. आजींना बसायला खुर्ची द्यावी आणि फेटण्याचे काम आपण करावे.

याच विचाराने पुढच्या रविवारी साडेआठच्या मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात सर्वांसाठी कॉफी आणि घरचा खाऊ ठेवला आहे. ज्यांना काही भाजून किंवा तळून आणायचे असेल त्यांनी आणावे. विकतचा केक आणू नये, वेडावाकडा झालेला घरचा चालेल. कॉफी पुरुष मंडळी करतील. पाच जणांनी नावे दिली आहेत, आणखी पाच हवेत, त्यांत कप धुणारे दोघे असावेत. भगिनींनी त्या दिवशी सभागृहात बसायचे आहे. ज्यांच्या घरी मावशी कामाला येतात त्यांनी त्यांना घेऊन यावे, त्या कोणत्याही धर्माच्या असोत. मधुमेह असलेल्यांसाठी बिनसाखरेची किटली वेगळी राहील, तिला हिरवी दोरी बांधलेली असेल. जिने उतरता येत नाहीत अशा घरी युवक मंडळ डबे पोचवेल. त्यांची नावे शनिवारपर्यंत कार्यालयात कळवा. कप सगळ्यांना एकसारखे, स्टीलचे, शाळेतून मिळाले आहेत. दूध दहा लिटर सांगितले आहे. जायफळ ज्यांच्याकडे असेल त्यांनी किसणीसकट आणावे.